मूकपटातला आवाज : आतांग दे ला रामा यांना चित्रपट अभिनेत्री म्हणावे का?

रंगपट

नमस्कार मंडळी,

आग्नेय आशियातल्या सुरुवातीच्या चित्रपटांविषयी गेले काही महिने सवडीने वाचतो आहे आणि फिलिपिन्समधल्या एका बाईंपाशी येऊन अडकलो आहे. होनोराता दे ला रामा हे त्यांचे पूर्ण नाव, पण सगळा देश त्यांना 'आतांग' म्हणूनच ओळखतो. ११ जानेवारी १९०२ रोजी मनिलातल्या पांदाकान भागात त्यांचा जन्म झाला. सातव्या वर्षापासून त्या स्पॅनिश संगीतिकांमध्ये रंगमंचावर उभ्या राहू लागल्या आणि पंधराव्या वर्षी 'दालागांग बुकिद' या तगालोग भाषेतल्या संगीत नाटकाची नायिका झाल्या. या नावाचा अर्थ साधारणपणे 'रानची पोर' किंवा 'शेतावरची मुलगी' असा होतो.

हे नाटक इतके गाजले की होसे नेपोमुसेनो या तरुण छायाचित्रकाराने स्वतःच्या चित्रसंस्थेसाठी पहिला कथापट काढायचे ठरवले तेव्हा तीच कथा निवडली आणि नायिकाही तीच घेतली. १२ सप्टेंबर १९१९ रोजी हा चित्रपट प्रदर्शित झाला. फिलिपिनो माणसाने काढलेला पहिला कथापट म्हणून त्याची नोंद आहे आणि त्यामुळे आतांग या त्या देशाच्या पहिल्या चित्रपट अभिनेत्री मानल्या जातात.

माझी अडचण पुढेच आहे. चित्रपट मूक होता आणि आतांग यांची ख्याती गाण्यासाठी होती. नाटकातले 'नाबासाग आंग बांगा', म्हणजे 'घडा फुटला', हे त्यांचे गाणे लोकांच्या तोंडी होते आणि ते ऐकायला न मिळता नुसते चित्र पाहून प्रेक्षकांचे समाधान झाले नसते. म्हणून चित्रपट चालू असताना आतांग स्वतः चित्रगृहात हजर राहून ते गाणे म्हणत. म्हणजे पडद्यावरची आतांग नुसते ओठ हलवत होती आणि खरी आतांग अंधारात उभी राहून गात होती. आज त्या चित्रपटाची एकही प्रत उरलेली नाही. ज्या बाईंची चित्रफीत नाही, ज्यांची कीर्ती मुळात रंगभूमीची आणि गाण्याची आहे, त्यांना 'पहिली चित्रपट अभिनेत्री' म्हणण्यात आपण त्यांचा गौरव करतो की त्यांच्या खऱ्या कामावर चिकटपट्टी लावतो? जाणकारांनी मत द्यावे.

केवड्याचे_पान

धागा आवडला, वाचनखूण साठवली आहे. या बाईंचे नाव मी आजच प्रथम ऐकले. हे संगीत नाटक म्हणजे आपल्यासारखेच असते की ऑपेराच्या जवळ जाणारे? थोडे विस्ताराने सांगावे.

रंगपट

केवड्याचे_पान, ऑपेरापेक्षा आपल्या संगीत नाटकाच्या जवळ जाणारे आहे. स्पेनमध्ये गद्य संवाद आणि गाणी यांची सरमिसळ असलेला 'झार्झुएला' नावाचा प्रकार होता. तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मनिलात पोचला आणि पुढे स्थानिक भाषांत शिरून 'सारसुवेला' झाला. सेवेरिनो रेयेस यांचे 'वालांग सुगात' हे तगालोग सारसुवेला १९०२ मध्ये रंगभूमीवर आले, म्हणजे आतांग यांच्या जन्माच्याच वर्षी. 'दालागांग बुकिद'चे लेखक एर्मोहेनेस इलागान आणि संगीतकार लेओन इग्नासिओ. आपल्याकडे अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' १८८० चे, त्यामुळे बावीसेक वर्षांच्या अंतराने दोन्हीकडे एकच गोष्ट घडत होती असे म्हणता येईल. फरक इतकाच की आपल्याकडे नायिका पुरुष होते आणि तिकडे बायका होत्या.

जुनी_पेटी

रंगपट यांनी कथानक सांगितलेले नाही म्हणून मी ते शोधून वाचले आणि वाचता वाचता चमकलो. अँहेलिता नावाची फुले विकणारी मुलगी आहे. तिचे सिप्रियानो नावाच्या कायद्याच्या विद्यार्थ्यावर प्रेम आहे, परंतु आईबापांना जुगाराचा नाद असल्यामुळे ते तिला दोन सिल्वेस्त्रे नावाच्या गबर म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघाले आहेत. 'दोन' हा तिकडचा मानाचा उपसर्ग आहे, आपल्याकडच्या 'श्रीमंत'सारखा. तो म्हातारा पैसे ओतून अँहेलिताला सौंदर्यस्पर्धेत मते मिळवून देतो. मुकुट घालण्याच्या संध्याकाळी अँहेलिता आणि सिप्रियानो परस्पर चर्चमध्ये जाऊन लग्न लावून येतात आणि नवरीच्या वेशातच ती समारंभात दाखल होते. म्हातारा तिथेच मूर्च्छा येऊन पडतो.

आता मला सांगा, देवलांची 'शारदा' आठवल्याशिवाय हे वाचता येते का? ते नाटक १८९९ चे. तिथे भुजंगनाथ आहे, इथे दोन सिल्वेस्त्रे आहे. तिथे पैशाच्या लोभाने लेक विकायला निघालेला कांचनभट आहे, इथे जुगारी आईबाप आहेत. कोदंडाच्या जागी सिप्रियानो आहे. या दोघांनी एकमेकांचे काही वाचले असण्याची सुतराम शक्यता नाही आणि म्हणूनच मला हे साम्य अधिक मोलाचे वाटते. म्हाताऱ्याच्या थैलीपुढे मुलीचे काही चालत नाही हे दुःख गाण्यात घालून सांगितले की लोक रडायला, हसायला आणि पुन्हा तिकीट काढायला येतात, हे दोन्ही ठिकाणच्या नाटकवाल्यांना नेमके कळले होते.

माझ्या आजीला 'शारदा'मधली पदे पाठ होती, नाटक मात्र तिने एकदाही पाहिले नव्हते. तिच्या लेखी शारदा म्हणजे पदेच. तिकडच्या आज्यांच्या लेखी अँहेलिताही तशीच असणार, असा माझा कयास आहे.

तिरकस_रेघ

जुनी_पेटी, प्रतिसाद सुरेख आहे, पण साम्याच्या ओघात आपण एक मोठा फरक पुसून टाकला आहे. 'शारदा' एका चालीविरुद्ध लिहिलेले नाटक आहे, जरठ-कुमारी विवाह ही तिथली लढाई आहे. 'दालागांग बुकिद'मध्ये चालीरीतीविरुद्ध काही नाही, पैशाविरुद्ध आहे. सौंदर्यस्पर्धेत मते विकत घेणारा म्हातारा हे अमेरिकी अमदानीतल्या नव्या शहरी मनिलाचे चित्र आहे, जुन्या रूढीचे नव्हे. आणि इथे मुलगी स्वतः चर्चची वाट धरते. शारदेला आधी जीव देण्याची वाट धरावी लागते. हा फरक माझ्या मते लहान नाही.

मूळ प्रश्नाबद्दल माझे मत सरळ आहे. कॅमेऱ्यासमोर उभी राहून जिने भूमिका केली ती चित्रपट अभिनेत्री. प्रत उरली की जळली याच्याशी त्या पदवीचा संबंध नाही. उद्या सगळी 'शारदा' हरवली तरी देवल नाटककारच राहतील.

हळदीचे_पेव

'पहिली' या शब्दावर माझी हरकत आहे. नेपोमुसेनो यांच्या आधी, १९१२ मध्येच, मनिलातल्या दोन अमेरिकी गृहस्थांनी फिलिपिन्सचे राष्ट्रवीर होसे रिसाल यांच्या जीवनावर चढाओढीने चित्रपट काढले होते. त्यातल्या एडवर्ड ग्रॉस यांची पत्नी तिताय मोलिना ही सारसुवेलातली नावाजलेली नटी होती आणि ती त्यांच्या चित्रपटात होती. पुढे ग्रॉस यांचीच यंत्रसामग्री नेपोमुसेनो यांनी विकत घेतली. तेव्हा 'फिलिपिनो निर्मात्याच्या चित्रपटातली पहिली नायिका' असे म्हणावे, नुसते 'पहिली अभिनेत्री' म्हणू नये.

आपल्याकडेही हाच घोळ होतो. पहिली अभिनेत्री कोण असे विचारले की कोणी दुर्गाबाई कामत सांगतो, कोणी त्यांची मुलगी कमलाबाई सांगतो. फाळक्यांच्या १९१३ च्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये आई पार्वती झाली होती आणि लेक मोहिनी. कमलाबाई, म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, त्या वेळी जेमतेम तेरा वर्षांच्या होत्या. आतांग पंधराव्या वर्षी नायिका झाल्या याचे आश्चर्य म्हणूनच मला फारसे वाटले नाही.

पाणचक्की

आणि त्याही आधीची नायिका साळुंके नावाचे गृहस्थ होते, हे विसरू नये. तारामती त्यांनीच केली आणि १९१७ च्या 'लंका दहन'मध्ये तर राम आणि सीता दोन्ही तेच झाले. नवरा-बायकोत इतका एकोपा पडद्यावर पुन्हा कधी दिसला नाही.

रंगपट

हळदीचे_पेव, दुरुस्ती मान्य आहे. शीर्षकात तो शब्द नाही म्हणून वाचलो, मजकुरात मात्र सापडलो.

पाणचक्की, हसून पुरेवाट झाली.

तंबूवाला

या धाग्यात मला रस वाटला तो एका वेगळ्याच कारणाने. माझे आजोबा जत्रांमधून फिरणाऱ्या तंबूत ऑपरेटर होते. त्यांच्या काळात बोलपट आलेले होते, पण ज्यांच्या हाताखाली ते शिकले त्या वस्तादांनी मूकपट हाताने फिरवलेले होते, आणि त्या गोष्टी आजोबा आम्हाला उन्हाळ्याच्या सुट्टीत रात्री अंगणात सांगत.

रंगपट यांचा लेख वाचल्यावर माझ्या मनात पहिला प्रश्न हा आला की बाई गाण्याचा मेळ कसा साधत असतील? ओठ पडद्यावर हलणार, आवाज दुसरीकडून येणार आणि चित्र कोणासाठी थांबणार नाही. परंतु हाताने फिरवायच्या यंत्रावर चित्राचा वेग ऑपरेटरच्या मनगटात असतो. आजोबांचे वस्ताद सांगत की पेटीवाला मागे पडला तर हँडल जरा सैल धरायचे, मारामारी आली की दोन फेरे जास्त घालायचे, आणि मालक घाईत असेल तर शेवटचे रीळ असे पळवायचे की देव आणि राक्षस दोघेही धावत सुटत. मनिलाच्या चित्रगृहातही ऑपरेटर कान देऊन बसला असेल आणि बाईंनी एखादी जागा लांबवली की त्याचेही मनगट मंदावत असेल, असे मला वाटते. हा माझा अंदाज आहे, पण यंत्राशी खेळलेल्या घरातला अंदाज आहे.

दुसरे असे की, बाईंनी हे गाणे चित्रपटाआधी नाटकात पुन्हा पुन्हा म्हटलेले होते. कुठे श्वास घेतला, कुठे हात उचलला, हे अंगात मुरलेले असणार. कॅमेऱ्यासमोर त्यांनी ते तसेच म्हटले असेल तर चित्रगृहात स्वतःच्याच ओठांवर गाणे बसवणे त्यांना परक्या माणसापेक्षा खूपच सोपे गेले असेल. आज पार्श्वगायन म्हणतात ते हेच, फक्त गायिका आणि नायिका एकच आणि दोघी एकाच वेळी एकाच इमारतीत.

केवड्याचे_पान

तंबूवाला, तुमच्या आजोबांवर स्वतंत्र धागा काढाच.

दर्यावर्दी_३

मी रत्नागिरीकडचा, गेली एकोणीस वर्षे मालवाहू जहाजांवर इंजिन विभागात आहे. जहाजावर निम्मे लोक बहुतेक वेळा फिलिपिनो असतात, त्यामुळे त्यांचे गाणे आणि त्यांचा भात या दोन्ही गोष्टी मला घरच्यासारख्या झाल्या आहेत. मेसमध्ये कॅराओके यंत्र बिघडले तर इंजिन बिघडल्यापेक्षा जास्त तक्रारी येतात, हे विनोदाने सांगत नाही.

आमच्या एका जहाजावर साठीला टेकलेले बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम, होते. ते कॅराओकेच्या वाटेला कधी जात नसत. रविवारी दुपारी मागच्या डेकवर दोर विणत बसायचे आणि त्या लयीत हळू आवाजात काहीतरी गुणगुणायचे. एकदा विचारले तेव्हा म्हणाले, हे कुंदिमान आहे. मी म्हटले, प्रेमगीत का? ते म्हणाले, प्रेमगीतच, पण मुलगी कोण ते गाणारा सांगत नाही. मला तेव्हा ते कोडे वाटले. नंतर कळले की स्पेनविरुद्धच्या आणि पुढे अमेरिकेविरुद्धच्या काळात मातृभूमीला प्रेयसी कल्पून ही गाणी म्हटली जात.

मी लहानपणी थोडी पेटी शिकलो आहे, म्हणून एक निरीक्षण नोंदवतो. ही गाणी तीन मात्रांच्या वजनात संथ चालतात. पहिला भाग कोमल गंधाराच्या उदासीत असतो आणि उत्तरार्धात अचानक शुद्ध गंधार लागतो, जणू ढगातून ऊन पडते. बोसन त्या ठिकाणी पोचले की हातातला दोर थांबवत. आतांग दे ला रामा यांना तिकडे 'कुंदिमानची राणी' म्हणतात हे मला माहीत होते, त्या चित्रपटात होत्या हे मात्र मला या धाग्यावरच कळले. बोसननी त्यांचे नाव घेतले होते ते गायिका म्हणून. यातच रंगपट यांच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे.

आडवा_प्रश्न

विषय सुरुवातीच्या फिलिपिनो अभिनेत्रींचा निघालाच आहे म्हणून इसाबेल रोसारिओ कूपर यांचे नाव घ्यावेसे वाटते. 'डिंपल्स' या नावाने त्या ओळखल्या जात. नेपोमुसेनो यांच्याच १९२६ च्या 'आंग तात्लोंग हांबोग' या चित्रपटात फिलिपिनो पडद्यावरचे पहिले चुंबन त्यांनी दिले. पुढे अमेरिकी सैन्याचे जनरल डग्लस मॅकआर्थर यांच्याशी त्यांचे संबंध जुळले, त्यांनी त्यांना वॉशिंग्टनला नेऊन गुपचूप ठेवले, आणि १९३४ मध्ये एका पत्रकारावर लावलेला अब्रुनुकसानीचा दावा जनरलना मागे घ्यावा लागला, कारण इसाबेल यांना लिहिलेली त्यांची पत्रे त्या पत्रकाराच्या हाती लागली होती. आतांग यांच्यापेक्षा हे आयुष्य किती तरी अधिक चित्रपटासारखे नाही का?

सायलीची_वेल

आडवा_प्रश्न, माहिती रंजक आहे, पण तुमच्या प्रतिसादात चित्रपटाला एक ओळ आणि जनरलना चार ओळी आल्या आहेत. इसाबेल कूपर यांच्या वाट्याला आयुष्यभर हेच आले. त्या पुढे हॉलिवूडमध्ये गेल्या, तिथे किरकोळ भूमिकांपलीकडे काही मिळाले नाही आणि १९६० मध्ये लॉस एंजेलिस येथे त्यांनी आयुष्य संपवले. त्यांना 'जनरलची प्रेयसी' म्हणून आठवणे हा आपल्या आठवणीचा दोष आहे.

आतांग यांचे आयुष्य कमी नाट्यमय होते असेही नाही. १९३२ मध्ये त्यांनी आमादो एर्नांदेस या कवी-पत्रकाराशी लग्न केले. एर्नांदेस महायुद्धानंतर कामगार संघटनांच्या महासंघाचे अध्यक्ष झाले आणि जानेवारी १९५१ मध्ये बंडाच्या आरोपाखाली त्यांना पकडण्यात आले. जामीन मिळायला १९५६ उजाडले. त्या निकालात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की बंडाच्या गुन्ह्याला खून, जाळपोळ वगैरे गुन्हे जोडून एकच मोठा जोडगुन्हा करता येत नाही. कायद्याचे विद्यार्थी आजही तो निवाडा त्यांच्याच नावाने ओळखतात. पूर्ण निर्दोष सुटका व्हायला १९६४ साल लागले. तुरुंगात लिहिलेल्या कवितांच्या त्यांच्या संग्रहाचे नाव 'इसांग दिपांग लांगित', म्हणजे कोठडीच्या खिडकीतून दिसणारे 'वावभर आभाळ'. त्या साडेपाच वर्षांत बाहेर आतांग होत्या. एके काळी ज्यांच्यासाठी चित्रगृहे भरत त्या बाई आता तुरुंगात नवऱ्याच्या भेटीला जाणारी बायको झाल्या होत्या. नायिकेचे वय उलटल्यावर काय झाले हे कोणी विचारत नाही म्हणून लिहिले.

आडवा_प्रश्न

सायलीची_वेल, चूक कबूल आहे. ओळी मोजून पाहिल्या, तुमचा हिशेब बरोबर निघाला.

जुनी_पेटी

'वावभर आभाळ' हा अनुवाद फार आवडला. दोन्ही हात पसरल्यावर जेवढे मावते तेवढे, हाच अर्थ 'दिपा'चा असेल तर मराठीत 'वाव' याहून नेमका शब्द नाही.

तिरकस_रेघ

राजकारणाचा विषय निघाला म्हणून एक तारीख पुढे ठेवतो. अमेरिकी सरकारने १९०७ मध्ये कायदा करून फिलिपिनो झेंडा फडकवण्यावर बंदी घातली होती. ती उठली ऑक्टोबर १९१९ मध्ये. 'दालागांग बुकिद' पडद्यावर आला सप्टेंबर १९१९ मध्ये, म्हणजे ज्या प्रेक्षकांनी तो पहिल्यांदा पाहिला त्यांना स्वतःचा झेंडा घराबाहेर लावण्याची तेव्हा मुभा नव्हती. त्याआधीच्या काळात राजद्रोही ठरवून नाटके बंद पाडण्याचे आणि लेखकांना तुरुंगात टाकण्याचे प्रकार झालेच होते. आपल्याकडे खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर १९१० मध्ये बंदी आली, तोच हा काळ.

अशा वेळी तीन भाषांतली अक्षरे पडद्यावर उमटत होती, इंग्रजी, स्पॅनिश आणि तगालोग, आणि चित्रगृहात कानावर पडणारी जिवंत भाषा मात्र एकच होती, गाणाऱ्या मुलीची. हे मला तुमच्या प्रश्नापेक्षा महत्त्वाचे वाटते. आणि हो, माझे आधीचे मत मी थोडे बदलतो आहे. केवळ कॅमेऱ्यासमोर उभे राहणे हे त्यांच्या कामाचे पुरे वर्णन होत नाही.

हळदीचे_पेव

तिरकस_रेघ यांनी मत बदलले, या तारखेचीही कुठे तरी नोंद व्हावी.

प्रत का उरली नाही याविषयी थोडेसे. त्या काळची फीत नायट्रेटची, म्हणजे जवळजवळ पेट घेण्यासाठीच बनवलेली. त्यात उष्ण आणि दमट हवा. जे काही शिल्लक होते त्यातले बरेच १९४५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मनिलाच्या लढाईत शहराबरोबर गेले. युद्धापूर्वीच्या फिलिपिनो कथापटांपैकी आज पाहता येतील असे चित्रपट बोटांवर मोजण्याइतके आहेत. १९३७ च्या 'झांबोआंगा'ची प्रत तर पार फिनलंडमध्ये सापडली. नेपोमुसेनो यांचा मात्र एकही मूकपट हाती लागलेला नाही. 'दालागांग बुकिद'चा पुढचा भागही निघाला होता, 'दोन सिल्वेस्त्रेचा सूड' अशा अर्थाच्या नावाचा. तोही गेला.

आपण पुण्याच्या चित्रपट संग्रहालयात 'राजा हरिश्चंद्र'चे काही भाग तरी पाहू शकतो, मग ते १९१३ चे असोत की १९१७ मध्ये पुन्हा चित्रित केलेले असोत, अभ्यासकांचा वाद चालू राहू दे. आतांग यांच्याबाबत वाद घालायलाही तुकडा उरलेला नाही.

पाणचक्की

म्हणजे म्हातारा सूड घ्यायला परत आला आणि पहिल्या भागासकट स्वतःलाही घेऊन गेला.

रंगपट

सर्वांचे मनापासून आभार. प्रश्न विचारताना मी चित्रपट आणि गाणे यांना दोन पारड्यांत घालून बसलो होतो, ते चुकले असे आता वाटते. तंबूवाला यांचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. १९१९ च्या प्रेक्षकाच्या दृष्टीने 'चित्रपट' म्हणजे डब्यातली फीत नव्हतीच. फीत, ऑपरेटरचे मनगट, पियानो-व्हायोलिन आणि हजर असलेली गायिका, हे सगळे मिळून एक खेळ होत असे आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा नव्याने करावा लागे. त्या अर्थाने आतांग चित्रपटात दोनदा होत्या आणि त्यातल्या एकीची फीत जळणे शक्यच नव्हते. सारसुवेलाला ओहोटी लागून 'बोदाबिल' नावाचे विविध करमणुकीचे खेळ जोरात आले, तेव्हा त्या त्याही मंचावर गेल्या आणि तिथेही कुंदिमान गायल्या. नाट्यगृहात गायल्या, उघड्या चौकात गायल्या, कोंबड्यांच्या झुंजीच्या आखाड्यातही गायल्या. १९८७ मध्ये रंगभूमी आणि संगीत या क्षेत्रांसाठी त्यांना 'राष्ट्रीय कलावंत' हा तिथला सर्वोच्च सन्मान मिळाला तेव्हा त्या पंच्याऐंशी वर्षांच्या होत्या. सन्मानपत्रात क्षेत्र म्हणून चित्रपट नाही, ही गोष्ट मी आधी तक्रार म्हणून लिहिणार होतो. आता लिहीत नाही. ११ जुलै १९९१ रोजी त्या गेल्या.

एक शंका उरली आहे. घडा फुटण्याचे गाणे इतके का लागून राहिले असावे? शब्दशः अर्थ कळतो, पण त्यातली गोडी कळत नाही.

सायलीची_वेल

रंगपट, गौळण ऐकत मोठा झालेला माणूस हा प्रश्न विचारतो याची गंमत वाटते. पाणवठ्याची वाट, डोक्यावर घडा, वाटेत कोणी तरी भेटणे, घडा फुटणे आणि घरी गेल्यावर काय सांगायचे ही पंचाईत. फुटलेला असतो तो घडाच की आणखी काही, हे गाणारी सांगत नाही आणि ऐकणारे विचारत नाहीत.

दर्यावर्दी_३

उशिरा लिहितो आहे, मध्ये जहाज बंदराबाहेर होते आणि इंटरनेट नव्हते. आमचे बोसन आता निवृत्त आहेत, म्हणून सध्याच्या जहाजावरच्या फिलिपिनो आचाऱ्याला 'नाबासाग आंग बांगा' माहीत आहे का असे विचारले. कांदा चिरता चिरता तो थांबला, सुरी खाली ठेवली आणि डोक्यावर न दिसणारा घडा धरून ओट्यापासून फ्रीजपर्यंत दोन पावले लचकत चालून दाखवली. शाळेत मुलींचा नाच असायचा या गाण्यावर, म्हणाला. चित्रपट? चित्रपटाचे त्याला काही ठाऊक नव्हते. बाईंचे नावही त्याने पुसटसेच ऐकले होते.

मग मी त्याला आमच्याकडच्या गवळणी आणि त्यांची मडकी फोडणारा तो पोरगा, हे सांगितले. त्याने सगळे नीट ऐकून घेतले आणि विचारले, तुमच्याकडे मडक्यात पाणी असते की दूध? मी म्हटले, दूध, दही, लोणी. तो म्हणाला, मग तुमच्याकडे नुकसान जास्त होते, आणि पुन्हा कांदा चिरायला लागला.